ब्लँकचा घेवडा

सकाळी सव्वादहाला म्हातारीने दिवसाचा पहिला आलेख पडद्यावर काढायला घेतला तेव्हा ती, प्रयोगशाळेतली तपासनीस, अ‍ॅप्रनचं वरचं बटण लावत होती, आणि ते बटण मग दुपारपर्यंत तसंच उघडं राहिलं. म्हातारी म्हणजे यंत्र. भाज्या, फळं, धान्य, विहिरींचं आणि नळांचं पाणी, जे जे माणसाच्या पोटात जातं त्यात फवारणीच्या औषधाचा अंश उरलाय का, ते हुंगून सांगणारं. तिच्यामागून दोन तरुण यंत्रं आली, पण अवघड नमुना आला की सगळे म्हातारीकडेच धाव घेत आणि ती रुसली की तिच्या पोटाची विचारपूस करत. आदल्याच संध्याकाळी तिच्या पोटातली केसाएवढी बारीक, तीस मीटर लांब नळी बदलली होती. नवी नळी बसली की सगळ्यांत आधी लावायचा तो ब्लँक, म्हणजे ज्यात काहीही नाही याची खात्री आहे असा नमुना. त्याची रेघ सपाट यायला हवी. वीस मिनिटं ती सपाट आली. एकविसाव्या मिनिटाला रेघेनं मान वर केली, खाली घातली, लगेच पुन्हा वर केली. दोन टेकड्या, एकमेकींना चिकटून, डावी बुटकी आणि उजवी तिच्या दुपटीहून उंच. नाव, आकडा काही वाचायची गरज नव्हती. जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं माणूस ओळखावं तशा तपासनीस बाईला त्या दोघी ठाऊक होत्या. परमेथ्रिन. किडे मारायचं औषध. आणि नमुना होता बाबांच्या घेवड्याचा.

बाबांना जाऊन नऊ आठवडे झाले होते. तिने कुणापाशी फारसं बोलून दाखवलं नव्हतं. कामावर परतली तेव्हा लोकांनी विचारलं, तिने "बरंच आजारी होते" एवढं सांगितलं, लोकांनी माना हलवल्या, आणि गाडी रुळावर आली. आता मात्र ती पडद्यापुढे उभी होती आणि तिच्या मनात एकच प्रश्न, तोही बाबांच्या खात्यातल्या भाषेत, उमटला होता: माप खोटं होतं का? बाबा वजनमाप खात्यात इन्स्पेक्टर होते. पितळेची वजनं मऊ फडक्यात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून ते दुकानं हिंडायचे. बाजारात त्यांना तागडीसाहेब म्हणत, तोंडावर साहेब आणि पाठीमागे नुसतं तागडी. लहानपणी एकदा ती त्यांच्याबरोबर गेली होती. एका दुकानदाराच्या तागडीखाली मेण चिकटवलेलं सापडलं आणि तिने आनंदाने टाळ्या पिटल्या. परतताना बाबा म्हणाले, "चोर सापडला यात काय मोठं? चोर कधी ना कधी सापडतोच. ज्याचं माप चोख आहे त्याला छातीठोकपणे चोख म्हणणं, त्याला अक्कल लागते." ती तेव्हा सात वर्षांची होती आणि तिला बर्फाचा गोळा हवा होता. वाक्य मात्र राहिलं. पुढे ती या प्रयोगशाळेत लागली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपणही तेच करतोय, फक्त आपली वजनं डोळ्यांना दिसत नाहीत.

घेवडा सुरू झाला तो जेवताना निघालेल्या एका गोष्टीवरून. प्रयोगशाळेला ताडून बघायला स्वच्छ घेवडा हवा होता आणि बाजारातून दहा ठिकाणचा आणला तरी नऊंत काही ना काही निघत होतं. "विष शोधणं सोपं आहे हो बाबा," ती म्हणाली, "विष नसलेलं शोधून दाखवा." बाबा तेव्हा निवृत्त होऊन चार महिने झाले होते. सकाळी पेपर तीनदा वाचून झाला की ते घरातली घड्याळं जुळवत बसत, आणि आई म्हणे, "अहो, त्या घड्याळांना तरी सुखानं चालू द्या." त्यांनी घास खाली ठेवला. "किती लागतो?" "काय?" "घेवडा." घराच्या मागे, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये, दोन खाटा मावतील इतकी पट्टी होती. तिथे तुटक्या बादल्या असायच्या. "बाबा, तुम्हाला गवत आणि कोथिंबीर यातला फरक कळत नाही. मागे एकदा गवताची जुडी आणली होतीत." "ती ताजी होती," बाबा म्हणाले. "आणि वजनाला पुरेपूर होती."

पहिल्या वर्षी वेल मेले. दुसऱ्या वर्षी ओंजळभर शेंगा आल्या त्या बाबांनी पाहुण्यांना दाखवून दाखवूनच वाळवल्या. तिसऱ्या खेपेला दीड किलो निघाला. तिने तो मामांकडे, नमुन्यांची खोली सांभाळणाऱ्या मामांकडे, दिला. बारीक करून, अर्क काढून म्हातारीला पाजला आणि श्वास रोखून बसली. रेघ सपाट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, इस्त्री केल्यासारखी. तो कागद तिने घरी नेला. बाबांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला. "यात तर काहीच नाही." "तेच तर." "म्हणजे मी पास?" "पहिल्या वर्गात." त्या दिवसापासून त्यांचं सगळ्यांना सांगणं सुरू झालं, दूधवाल्याला, पोस्टमनला, दवाखान्यात रांगेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला: "आमची पोरगी सगळ्या जगाच्या भाजीत विष शोधते. आणि मी तिला शून्य पिकवून देतो."

शून्य पिकवायचे नियम तिने त्यांना लिहून दिले होते आणि त्यांनी ते मागच्या दारावर चिकटवले होते. मुंग्यांची पावडर नाही. डासांची वडी, कांडी, फवारा काही नाही. पाणी गाळून. हात धुऊन. शेंगा कागदी पिशवीत, मग प्लास्टिकच्या, पिशवीवर तारीख आणि वजन. नियम हाती आला की बाबांच्या अंगात इन्स्पेक्टर संचारायचा. शेजारचे काका एकदा कुंपणाच्या कडेने मुंग्यांची पावडर टाकत होते तर बाबा लुंगीवरच धावले. "थांबा, थांबा! हे काय चाललंय?" "मुंग्या झाल्यात हो." "मग माझ्याकडे पाठवा! मी सांभाळतो तुमच्या मुंग्या!" पुढे दोन महिने काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, आणि मग एके दिवशी कुंपणावरून वाटी पुढे करत म्हणाले, "काय इन्स्पेक्टर, मुंग्या बऱ्या आहेत ना? साखर पाठवलीय त्यांना." संध्याकाळी ती बसमधून उतरून घरी आली की बाबा मागच्या दारात खुर्ची टाकून बसलेले असायचे आणि हाक यायची, "काय विषबाई, आज कुणाचं पितळ उघडं पडलं?" मग ती सांगायची. अमक्या द्राक्षात तीन औषधं, तमक्या विहिरीत दोन, एका मधाच्या बाटलीत तर चार. बाबा ऐकताना वेलाची पानं उलटून बघत राहायचे. घरात ती मोठ्याने बोलली ती बहुतेक तिथेच, त्या पायरीवर. नऊ वर्षं. प्रत्येक हंगामाच्या पिशव्या ती आपल्या हाताने घेऊन यायची, प्रत्येक वेळी म्हातारीकडून तपासून घ्यायची, आणि मग नोंदवहीत सही करायची: तपासला, स्वच्छ.

या शेवटच्या खेपेला ती सही होती. तपासणी नव्हती.

ही गोष्ट तिला पडद्यापुढे उभं राहिल्यापासून ठाऊक होती. मन तिच्याकडे फिरकत नव्हतं एवढंच. जीभ दुखऱ्या दाताला टाळते तसं. कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी समोर नमुन्यांचा ढीग होता, जुना ब्लँक संपलेला होता, आणि बर्फाच्या कपाटात या खेपेच्या सहा पिशव्या होत्या, बाबांच्या अक्षरातल्या. अक्षर थरथरलेलं होतं. पिशवी हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग मामांकडे बारीक करायला दिली, आणि त्याच अवसानात नोंदवही ओढून सही केली. बाबांचा घेवडा, त्यात तपासायचं काय? त्या दिवशी तिला हे फार बरोबर वाटलं होतं. अविश्वास दाखवण्यासारखं काही करायला नको, निदान आज तरी नको, असं काहीतरी. त्यानंतर घेवड्याचे सतरा अहवाल त्या ब्लँकवर बेतून बाहेर गेले होते. यंत्र काय करतं, ब्लँकमध्ये जे असेल ते नमुन्यातून वजा करतं आणि उरलेलं सांगतं. ब्लँकमध्येच औषध असेल तर ज्याच्यात तेवढंच औषध आहे तो नमुना शहाण्यासारखा स्वच्छ ठरणार. मूळ आलेख उघडून बघितले असते तर दिसलं असतं. त्या आठवड्यांत ती आलेख उघडत नव्हती. आकडे उतरवत होती.

"नवी नळी आहे ताई," मामा दारातून म्हणाले. त्यांनी पडद्यावरच्या टेकड्या पाहिल्या होत्या. "दोन दिवस घाण येतेच. नवी सून नि नवी नळी, सुरुवातीला कुरकुर करायचीच." ते तिला वाट काढून देत होते की खरंच तसं समजत होते, ते तिला कळेना. वाट मात्र सरळ होती. नळीवर ढकलायचं. उरलेला घेवडा फेकायचा, दुसरा ब्लँक आणायचा, पुढचे अहवाल चोख द्यायचे. बाबांच्या नावाला धक्का नाही, तिच्या सहीला धक्का नाही. "हो," ती म्हणाली, "असेल." आणि त्याच नमुन्यातला दुसरा अर्क घेऊन, नळी मध्ये नुसत्या द्रावणाने धुऊन, पुन्हा लावला. द्रावणाची रेघ सपाट आली. घेवड्याच्या रेघेवर दोन टेकड्या.

म्हणजे बाबांनी फवारलं होतं. हा विचार इतक्या सहज आला की तिला स्वतःचीच भीती वाटली. पण तो निराधार नव्हता. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आणलं तेव्हा बाबा निम्मे झाले होते. वेलावर मावा पडला होता. आधी ते एकेक पान ओल्या बोळ्याने पुसायचे, आता त्यांना खुर्चीतून उठता येईना. "मावा फार झालाय गं," ते एकदा म्हणाले होते. "मरू दे बाबा, या वर्षी राहू दे." "तुझं काम अडेल." "नाही अडत." मग म्हणाले, "बघतो काहीतरी." बघतो काहीतरी. हे शब्द आता तिच्या कानात दुसऱ्याच आवाजात वाजले, दुकानदाराच्या, मेण लावणाऱ्याच्या. शेजारच्या काकांकडून त्यांनी डबी मागून घेतली असेल. एकदाच, चिमूटभर. पोरीचं काम अडू नये म्हणून. तिने डोळ्यांसमोर आणून पाहिलं: बाबा भिंतीला धरून उभे, हातात पावडरची डबी, इकडे तिकडे बघताहेत. चित्र काही केल्या उभं राहीना, आणि पुसलंही जाईना. माणूस गेल्यावर आपल्याला वाटतं, आता यात भर पडणार नाही, जे आहे ते आहे. तसं नसतं. नऊ आठवड्यांनी एक रेघ मान वर करते आणि नऊ वर्षांच्या संध्याकाळी संशयित होतात.

जेवणाच्या सुट्टीत तिने आईला फोन केला. डबा उघडलाच नव्हता.

"आई, बाबांनी शेवटी शेवटी वेलावर काही मारलं होतं का?"

"काय मारलं होतं?"

"औषध. माव्यासाठी."

मग आई अशा काही आवाजात बोलली की नऊ आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात धार होती. "औषध? त्यांनी? अगं, नऊ वर्षं मला डास फोडून खाताहेत त्या घेवड्यापायी! एक वडी लावू दिली नाही मेल्यांनी मला घरात. माझ्या माहेरची माणसं राहायला यायची बंद झाली. आणि तू मला विचारतेस औषध मारलं का?"

"तसं नाही आई. सापडलंय म्हणून विचारते."

"तुझं यंत्र चुकलं असेल. मावा ना, मावा मी पुसलाय. हो, मी. मला खुर्चीतून सांगत बसायचे, ते पान राहिलं, हे पान राहिलं, मागची बाजू बघ. जन्मभर दुकानदारांना छळलं, शेवटी मला." आई थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि शेंगा निवडायचे तेही हाताला पिशव्या बांधून. मी म्हटलं, हे काय सोंग? तर म्हणे, मलम लागलंय ना हाताला, नियम आहे."

"कसलं मलम?"

"अगं, खाजेचं! तूच नाही का लावायचीस? काखेत कळसा नि गावाला वळसा."

तिने फोन ठेवला की आईने, ते तिला आठवलं नाही. मलम. दवाखान्यातून बाबांनी खरूज आणली होती, वॉर्डात कुणाची तरी लागली होती, आणि डॉक्टरांनी पांढऱ्या मलमाची ट्यूब दिली होती. गळ्यापासून पायांपर्यंत, तळहातांनासुद्धा, आठवड्याच्या अंतराने दोनदा. ट्यूबवर नाव होतं. तिने वाचलंही होतं. शंभर भागांत पाच भाग परमेथ्रिन. चौदा वर्षं हे नाव दिवसाला दहादा लिहिणाऱ्या बाईने ते घरी ट्यूबवर वाचलं आणि तिला काही म्हणता काही वाटलं नाही, कारण तिथे ते विष नव्हतं, बाबांची खाज थांबवणारं मलम होतं. दोनदा सांगितलं होतं, त्यांनी चारदा लावून घेतलं. "आज लावतेस का जरा?" म्हणायचे, लहान मुलासारखे. ऑफिसातून आल्यावर, उजेड असतानाच, ती त्यांना मागच्या दारात स्टुलावर बसवायची. सदरा काढला की पाठ दिसायची. त्या पाठीवर बसून ती लहानपणी घरभर फिरली होती. आता मणके एकेक करून मोजता येत होते. खांद्याच्या हाडाखाली एक खळगा झाला होता, त्यात मलम साचायचं, तिथे बोट हळू फिरवावं लागे. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "हां. तिथेच. जरा डावीकडे. शाब्बास." तिला ती संध्याकाळ संपायला नको असायची. दोघं फारसं बोलत नसत. वेलावर ऊन तिरपं आलेलं असे, काकांच्या घरी कुणीतरी बादली भरत असे, आणि तिच्या बोटांखाली बाबांचा श्वास वरखाली व्हायचा.

मग ते सदरा घालत, स्वतःच्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवत, मनगटाला रबर लावत आणि शेंगांचं टोपलं पुढे ओढत. ती हसली होती. "काय बाबा, शस्त्रक्रिया करणार का घेवड्याची?" "तुमचाच नियम आहे विषबाई. हात धुतलेस?" "हो हो." तिने हात टॉवेलला पुसले होते. नळ घरात होता, दहा पावलांवर, पण उठलं की ते सगळं विस्कटलं असतं. आपण धुऊन येईपर्यंत बाबा थकतील, आत चल म्हणतील, असं तिला वाटे. ती तशीच शेजारी टेकायची आणि त्यांच्याबरोबर शेंगा निवडायची, शिरा ओढून, देठं खुडून, एकेक. शेवटच्या खेपेचा निम्मा घेवडा तिच्या हातून गेला होता. बाबांच्या हातांवर पिशव्या होत्या. तिच्या हातांवर बाबांची पाठ होती.

प्रयोगशाळेच्या जेवणघरात ती बसली होती आणि समोर दोघीजणी कुठल्याशा साडीच्या रंगावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. तिला एकदम हलकं वाटलं, इतकं की हसू येईल की काय. बाबांनी फवारलं नव्हतं. नियम त्यांनी पाळला होता, शेवटच्या पिशवीपर्यंत. मग ते हलकेपण सरलं. कारण आता नळीवर ढकलणं म्हणजे बाबांना वाचवणं राहिलं नव्हतं. फक्त स्वतःला वाचवणं होतं.

तिने सतराही मूळ आलेख उघडले. सोळांत एकविसाव्या मिनिटाला काही नव्हतं. ब्लँक वजा केलेल्या आलेखात तिथे खड्डा पडला होता, तोसुद्धा नीट पाहणाऱ्याला दिसला असता. सतराव्यात दोन टेकड्या होत्या. तो नमुना लहान बाळांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्याचा होता. अहवालात तिने लिहिलं होतं: आढळलं नाही.

मॅडम, प्रयोगशाळेच्या प्रमुख, फोनवर होत्या. ती उभी राहिली. मॅडमनी खूण केली, ती बसली नाही. सगळं सांगायला चार मिनिटं लागली. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर उलटा ठेवला फक्त.

"सही केलीस."

"हो."

"यंत्राला न लावता."

"हो."

"तुझ्या बाबांचा घेवडा," मॅडम म्हणाल्या, "मीसुद्धा डोळे मिटून घेतला असता. आणि म्हणून तर सही लागते ना गं. डोळे मिटणाऱ्या माणसांसाठीच असते ती." मग त्या इतक्या भरभर बोलू लागल्या की तिला लिहून घ्यावं लागलं. कारखान्याला आत्ताच्या आत्ता फोन, माल थांबवा म्हणून. सतराही नमुने पुन्हा. तिच्या सहीचा अधिकार सहा महिने बंद. ही खेप नष्ट. "आणि पुन्हा करायचे तर स्वच्छ ब्लँक लागेल. आहे?"

होता. बर्फाच्या कपाटाच्या तळाशी, मागच्या कोपऱ्यात, गेल्या वर्षीची एक न फोडलेली पिशवी होती. आजारपणाच्या आधीची, तेव्हाच तपासलेल्या खेपेतली. नव्या खेपेच्या वेळी ती वापरता आली असती. तिनेच ती मागे सरकवून वर पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या रचल्या होत्या. तिने त्याचं कारण स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"आहे," ती म्हणाली. "एक पिशवी."

"पुरेल?"

"बरोब्बर पुरेल. उरणार नाही."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. कारखान्याचा माणूस भडकलेला होता, त्याचा आवाज टेबलापलीकडून ऐकू येत होता. माल शीतगृहात होता, अर्धा आज शिजायला लावायचा होता, तुम्ही लोक काय झोपा काढता का. "हो, चूक आमची आहे," मॅडम म्हणाल्या, दोनदा.

मामांनी पिशवी काढली. तिने ती हातात घेतली आणि वाचली, तारीख, वजन, आणि खाली बाबांची ठसठशीत सही, जिची तिथे काहीच गरज नसायची. "लेबल काढून ठेवू का ताई?" मामांनी विचारलं. "नाही मामा. लेबल नोंदीला लावायचं असतं." कोरडा बर्फ घालून त्यांनी शेंगा दळायच्या यंत्रात लोटल्या. आवाज मोठा होता, पांढरी वाफ कडांवरून खाली सांडत राहिली. हिरवा चुरा झाला, दाणेदार, सगळीकडून सारखा. ती समोर उभी राहून प्रत्येक बाटली भरून घेत होती. हातमोजे दोन घातले होते, एकावर एक. म्हातारीने दीड दिवस घेतला. बाबांचा ब्लँक स्वच्छ आला. सोळा अहवाल तसेच टिकले. सतराव्यात परमेथ्रिन होतं, मोठ्यांसाठी चाललं असतं, बाळांसाठी नाही. माल परत गेला.

तिसऱ्या दिवशी ती चुकीच्या नोंदीचा फॉर्म घेऊन बसली. काय घडलं, ते तिने सरळ लिहिलं. "कारण" या रकान्याला दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत लिहिलं: ब्लँक यंत्रावर न तपासता मी सही केली. दुसऱ्या ओळीत आधी लिहिलं, "उत्पादकाच्या त्वचेवरील औषधाचा संपर्क होऊन," आणि खोडलं. बाबांना उत्पादक म्हटलेलं त्यांना आवडलं असतं, पण ते खरं नव्हतं. मग "विश्लेषकाच्या हातांद्वारे," तेही खोडलं. शेवटी साधं लिहिलं: मी वडिलांच्या पाठीला मलम लावत असे. नंतर हात न धुता शेंगा निवडल्या. त्यांनी स्वतः हातांवर पिशव्या घातल्या होत्या.

पुढचा रकाना होता, "पुन्हा असे घडू नये म्हणून केलेली व्यवस्था." पहिल्या कारणापुढे तिने लिहिलं: यापुढे प्रत्येक खेप दोघांच्या सहीने, आलेख जोडूनच. दुसऱ्या कारणापुढे पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. पुन्हा असे घडू नये म्हणून. तिने पेन उचललं आणि फॉर्म तसाच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवला.

मॅडमनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर आल्या. "एक ओळ राहिलीय," त्या म्हणाल्या. "रिकामी ठेवता येत नाही गं, तपासणीवाले फॉर्म परत पाठवतात." तिने मान हलवली. तिने पाहिलं की मॅडमची नजर डावीकडच्या रकान्यावर गेली, तिथल्या तीन वाक्यांवरून एकदा फिरली, परत वर जाऊन पुन्हा हळू खाली आली. मॅडमनी आपलं पेन काढलं, टोपण दातांत धरलं, आणि त्या ओळीत आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं: लागू नाही. खाली तारीख घातली, सही केली, आणि फॉर्म तिच्याकडे फिरवला.

ती ते दोन शब्द बघत उभी राहिली. मॅडम उठल्या, दार लावून घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून, तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बस. रड."